ऑफिसातून टॉर वापरलं, तर माझं नाव लपेल का?

प्रश्न : मी एका रासायनिक कारखान्याच्या प्रयोगशाळेत काम करते. सांडपाण्याचे खरे आकडे वेगळे आणि वर कळवले जाणारे वेगळे. हे मला एका पत्रकाराला सांगायचं आहे. जेवणाच्या सुट्टीत ऑफिसच्या वाय-फायवर टॉर हा ओळख लपवणारा ब्राउझर उघडून ईमेल केला, तर कुणाला कळेल का?
– एक वाचक, रायगड जिल्हा

उत्तर : ताई, ऑफिसातून अजिबात पाठवू नका.

मी बारा वर्षं एका कॉलेजचं नेटवर्क सांभाळलं, म्हणून ठामपणे सांगते. टॉरवर कोण काय वाचतंय, हे मला कधीच दिसलं नाही. पण कोणता कॉम्प्युटर टॉरला जोडलाय, ते लॉगमध्ये, म्हणजे नेटवर्कच्या नोंदींत, सरळ दिसायचं. डिसेंबर २०१३ मध्ये हार्वर्ड विद्यापीठाला ईमेलने बॉम्बची खोटी धमकी आली. पाठवणारा विद्यार्थी टॉरच वापरत होता. टॉर कुणी फोडलं नाही. त्या वेळी विद्यापीठाच्या वाय-फायवरून टॉरला कोण जोडलं होतं, तेवढं पाहिलं. एफबीआयने विचारल्यावर त्याने कबूल केलं. त्याचं कृत्य वाईटच, पण हीच वाट तुमच्यापर्यंतही येते. दुपारी दीड वाजता तुमच्या ऑफिसात टॉर उघडणाऱ्या तुम्ही एकट्याच असाल!

टॉर तुमचा मजकूर कुलपाच्या तीन थरांत गुंडाळून तीन सर्व्हरांमधून नेतं. पहिल्याला तुम्ही कोण ते कळतं, कुठे चाललात ते नाही, शेवटच्याला उलट. या रचनेवर माझा विश्वास आहे. मात्र शेवटच्या सर्व्हरवर टॉरचं कुलूप उतरतं. २००७ मध्ये डॅन एगरस्टॅड या स्वीडिश माणसाने असे पाच सर्व्हर स्वतः चालवले आणि भारतासह अनेक देशांच्या वकिलातींचे ईमेल पासवर्ड त्याच्या हाती लागले. म्हणून साइटच्या पत्त्यात एचटीटीपीएस हवंच, ते साइटचं स्वतःचं वेगळं कुलूप असतं.

कंपनीचा लॅपटॉप, कंपनीचा फोन वापरू नका. नेहमीच्या ईमेलमध्ये लॉगिन केलंत, तर नाव तुम्हीच सांगितलंत. एक्सेलची फाईल तशीच जोडू नका, ती बनवणाऱ्याचं नाव बहुतेक वेळा तिच्या आतच असतं.

आणि ते आकडे तुमच्याशिवाय कोणकोण पाहतं, हे आधी मोजा. दोघी-तिघीच असाल, तर टॉर असो वा नसो, बोट तुमच्याकडे वळेल. मग आकडे जसेच्या तसे छापू नका, असं त्या पत्रकाराला पहिल्याच ईमेलमध्ये लिहा.