आधी घरी सांग, मग कागद गोळा कर

अरे, नोकरी गेली म्हणून खचू नकोस, पहिले दोन दिवस झोप काढ. पण घरी लपवू नकोस. २००९ मध्ये माझी नोकरी गेली तेव्हा मी आठवडाभर डबा घेऊन ठरल्या वेळी निघायचो आणि संभाजी बागेत बाकावर बसून खायचो. बायकोला तिसऱ्याच दिवशी कळलं होतं, बुटांच्या लाल मातीवरून!

आता कागद. लॅपटॉप परत करण्याआधी पगाराच्या स्लिपा आणि फॉर्म १६ (पगारातून कापलेल्या कराचा दाखला) स्वतःकडे घे. रिलीव्हिंग लेटर, म्हणजे कामातून मोकळं केल्याचं पत्र, मिळेपर्यंत एचआरचा पिच्छा सोडायचा नाही. राजीनाम्यावर सही मागितली तर 'वाचून सांगतो' म्हण. सलग पाच वर्षं झाली असतील तर ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी सुटताना कंपनी देते ती एकरकमी रक्कम, माग. पीएफ शक्यतो मोडू नकोस. पाच वर्षांच्या आत काढलास तर करही लागू शकतो. यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा नंबर, तोच राहतो, पैसे नव्या नोकरीत ट्रान्सफर होतात. आईबाबा कंपनीच्या मेडिक्लेमवर आहेत ना? ते कव्हर सहसा नोकरीबरोबरच संपतं, आजच वेगळी पॉलिसी बघ.

वाकडच्या फ्लॅटचा हप्ता थकायच्या आत बँकेत जाऊन बोल. आणि नोकरीच्या पोर्टलवर दिवसभर डोळे फोडण्यापेक्षा जुन्या टीममधल्यांना फोन कर. लाज कसली? मला पुढचं काम तसंच मिळालं.

रेझ्युमे रविवारपर्यंत पाठव, मी बघतो.