टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर येत असताना बी.कॉम.ला ‘इंटर्नल कंट्रोल’ (चुका-घोटाळे रोखणारी अंतर्गत व्यवस्था) वेगळं कशाला शिकायचं?

एंट्री मारता येणं वेगळं आणि ती कोणी, कोणाच्या मंजुरीने मारली हे पकडता येणं वेगळं. २०१८ला उघड झालेलं पंजाब नॅशनल बँकेच्या (पीएनबी) घोटाळ्याचं प्रकरण घ्या. मुंबईच्या ब्रॅडी हाउस शाखेतून परदेशातल्या बँक शाखांना स्विफ्टवरून (बँकांमधल्या संदेशयंत्रणेवरून) हमीपत्रं जात होती, पण स्विफ्ट कोअर बँकिंगला, म्हणजे बँकेच्या मुख्य हिशेब प्रणालीला, जोडलेलंच नव्हतं. मग बँकेच्या हिशेबात नोंद दिसणार कशी?

परीक्षेपुरतं मेकर-चेकर (एकाने नोंद करायची, दुसऱ्याने तपासून मंजूर करायची) आणि कामांची विभागणी पक्की करा. फ्लोचार्ट हातानेच काढा. शिवाय टॅलीत एडिट लॉग (नोंदींमधल्या बदलांचा माग ठेवणारी सोय) चालू करून एखाद्या व्हाउचरची रक्कम बदला आणि जुनी रक्कम कुठे दिसते ते शोधा. १ एप्रिल २०२३पासून कंपन्यांना असा लॉग बंद ठेवायला परवानगी नाही. क्लासवाले सहसा इथपर्यंत पोचतच नाहीत.