घरी केलेली गुहा आधी बाहेर काढा

फिशटँकमध्ये तुम्ही घरी केलेली सिमेंटची गुहा ठेवली आहे आणि मासे का मरताहेत, असं विचारताय. माशांच्या अंगावर डाग नाहीत, बुरशी नाही, तरी ते मरताहेत म्हणून अंदाजाने औषध ओतू नका. आधी पाण्यातला अमोनिया आणि नायट्राइट (माशांच्या घाणीतून साचणारी विषारी द्रव्यं) तपासा. दोन्ही शून्यच हवेत. ते ठीक असेल तर माझा संशय तुमच्या सिमेंटच्या गुहेवर आहे. नवं सिमेंट पाण्यात चुना सोडतं, पीएच (पाणी किती आम्ल वा अल्कधर्मी आहे याचं माप) चढतो, आणि चढलेल्या पीएचमध्ये एरवी खपून जाणारा किंचित अमोनियाही विषारी ठरतो. गुहा आठवडाभर बादलीत बुडवून ठेवा, आधी आणि नंतर पीएच मोजा. वाढला तर पाणी बदलून पुन्हा भिजवा. आणि गुहा चिकटवायला सिलिकॉन वापरलं असेल तर ते कोणतं? बाथरूमसाठीचं बुरशीरोधक असेल तर ती गुहा सरळ टाकून द्या, धुण्यावर भरवसा नको. तोवर रोज पाव टाकी पाणी बदला, अर्थात क्लोरीन काढलेलं.