सिकलसेलचा ठणका आणि मॉर्फिन

प्रश्न : माझ्या १७ वर्षांच्या मुलाला सिकलसेल (लाल रक्तपेशी विळ्यासारख्या होण्याचा आनुवंशिक आजार) आहे, एसएस पॅटर्न, म्हणजे आई-वडील दोघांकडून आलेला. वजन ४० किलो. वर्षातून चार-पाचदा हाडांच्या ठणक्यामुळे भरती करावं लागतं, दर वेळी मॉर्फिन. ते कमी करता येईल का? सवय लागण्याची भीती वाटते. (एक वाचक, गडचिरोली)

उत्तर : कमी करता येतं, पण ऐन ठणक्यात हात आखडता घेऊन नव्हे. दुखणं अर्धवट दाबलं की मुलगा पुन्हापुन्हा इंजेक्शन मागतो आणि त्यालाच सवय म्हटलं जातं. पोचल्यापासून तासाभरात पुरेसा पहिला डोस मिळावा, मग दर अर्ध्या तासाने विचारपूस करून पुढचा ठरवावा.

जोडीला पहिल्यापासून पॅरासिटामॉल : या वजनाला ५०० ते ६०० मिलिग्रॅम, दर सहा तासांनी, दुखो न दुखो. आयबुप्रोफेन ४०० मिलिग्रॅम आठ तासांनी, खाल्ल्यावर. पण आधी क्रिएटिनिन (मूत्रपिंडांचं काम दाखवणारी रक्ततपासणी) तपासून. सिकलमध्ये मूत्रपिंडं नाजूक असतात, त्यात अंगातलं पाणी कमी झालेलं असेल तर हे औषध महागात पडतं. एवढं करूनही मॉर्फिन चढवतच न्यावं लागलं, तर केटामाइन हे भुलेचं औषध पंपावर : तासाला किलोमागे ०.१ ते ०.३ मिलिग्रॅम, म्हणजे तुमच्या मुलाला तासाला ४ ते १२ मिलिग्रॅम. भुलेच्या डोसपेक्षा हे बरंच कमी, तरी भास होऊ शकतात, बीपी वाढतं. म्हणून मॉनिटर आणि भूलतज्ज्ञ हवेतच. मॉर्फिन चालू असताना पेंटाझोसिन हे दुसरं वेदनाशामक देऊ नये. त्याने मॉर्फिनचाच असर उतरतो.

मॉर्फिनच्या गुंगीत श्वास उथळ होतो आणि छातीचा धोकादायक आजार उद्भवू शकतो. जागेपणी दर दोन तासांनी स्पायरोमीटरवर (श्वासाच्या व्यायामाचं उपकरण) दहा खोल श्वास घ्यायला लावा. भरमसाट सलाईननेही छाती भरते.

खरी कपात होते ती ठणकेच कमी झाल्याने, आणि त्यासाठी हायड्रॉक्सियुरिया हे रोज घ्यायचं औषध. ४० किलोला सुरुवातीला साधारण ५०० मिलिग्रॅमची एक कॅप्सूल, रोज. गुण यायला तीन ते सहा महिने लागतात. ‘फरक नाही’ म्हणून दुसऱ्याच महिन्यात सोडू नका. सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) मात्र सुरुवातीला महिन्यातून एकदा तरी हवी.

प्रश्न : घरी आल्यावर मॉर्फिनच्या गोळ्या एकदम थांबवल्या तर?

उत्तर : आठवडाभर घेतल्या असतील तर नको. घाम, पोटात मुरडा, अंगावर काटा, बेचैनी सुरू होते आणि ठणका परतला असं वाटून पुन्हा भरतीची धावपळ होते. डॉक्टरांना विचारून रोज दहावा ते पाचवा हिस्सा कमी करत आणा. गोळ्या चालू आहेत तोवर बद्धकोष्ठाचं औषधही रोज हवं.