स्विच बंद केला तरी एलईडी मिणमिणतो, कूलरला हात लावला की मुंग्या येतात. बोर्ड स्वतः बदलू का?

साखर पेठेतलं जुनं घर, बंद स्विचवरही मिणमिणणारा एलईडी, पत्र्याच्या कूलरला ओला हात लागला की मुंग्या, आणि आता नवे स्विच-सॉकेट आणून सगळे बोर्ड स्वतःच बदलायचा बेत, असं तुम्ही लिहिलंय. सोलापुरात मी वायरिंगचीच कामं करतो, म्हणून आधी एवढं करा: कूलरचा प्लग काढून ठेवा. बल्बचं काम महिनाभर थांबलं तरी चालेल.

बल्बचं लवकर संपतं. स्विचमध्ये लाल इंडिकेटर असेल तर त्यातून जाणाऱ्या किंचित करंटवरही एलईडी मिणमिणतो, घाबरू नका. इंडिकेटर नसेल तर स्विच बंद करा, बल्ब काढा आणि होल्डरच्या दोन्ही पिनांना टेस्टर लावा. एक पिन लख्ख पेटली तर फेज (करंट आणणारी वायर) थेट होल्डरला गेलाय आणि स्विच न्यूट्रलवर (करंट परत नेणाऱ्या वायरवर) बसलाय. म्हणजे स्विच बंद करून बल्ब बदलतानाही झटका बसणार. मेन बंद करून फेज स्विचवर आणि न्यूट्रल सरळ होल्डरला घ्यायचा. लाल फेज, काळा न्यूट्रल, हिरवा अर्थ हे खरं, पण जुन्या घरात रंगावर जाऊ नका. घरात उरलेली वायर हाताला लागेल तशी ओढलेली असते.

आता कूलर. मेन बंद करून त्याचं सॉकेट उघडा आणि वरच्या मोठ्या पिनेकडे बघा. तिथे काहीच नसेल तर अर्थिंग, म्हणजे गळणारा करंट जमिनीत नेणारी वायर, नाही. न्यूट्रलवरून छोटा तुकडा मारून त्या पिनेला जोडलेला असेल तर ते त्याहून वाईट. असं जोडल्यावर मुंग्या थांबतात, म्हणून लोक खूश होतात. पण मागे कुठे न्यूट्रल सैल होऊन तुटला की तोच २३० व्होल्ट पंप-मोटरमधून फिरून कूलरच्या पत्र्यावर येतो, आणि खाली ओली फरशी, पाय अनवाणी. तुकडा दिसला तर काढा आणि खरी अर्थिंग येईपर्यंत तो पॉइंट वापरू नका.

जमिनीतल्या अर्थिंगच्या खड्ड्यापासून अर्थ आणणं मात्र परवानाधारक वायरमनचं काम. तो फेज आणि अर्थ यांच्यात टेस्ट लॅम्प, म्हणजे दोन वायरी जोडलेला साधा बल्ब, लावेल. न्यूट्रलवर लागतो तितकाच बल्ब लख्ख लागायला हवा. न्यूट्रलवरून मारलेला तो तुकडा तसाच असेल तर ही टेस्टही फसवते, म्हणून सॉकेट आधी उघडायला सांगितलं. मे महिन्यात आपल्याकडची काळी माती भेगाळते, खड्डा कोरडा पडतो आणि पावसाळ्यात चांगली असलेली अर्थिंग ऐन कूलरच्या दिवसांत ढिली पडते. खड्ड्यात अधूनमधून पाणी ओतत जा. मीठ जास्त टाकलं तर खड्ड्यातल्या पाइपाचा क्लॅम्प गंजतो. मेनला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबीही (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच) बसवून घ्या. एमसीबी जादा लोड आणि शॉर्टसर्किट बघते, माणसाला बसणारा झटका तिला कळत नाही.

सॉकेट बसवताना समोरून बघितलं तर उजवीकडे फेज, डावीकडे न्यूट्रल. मागून स्क्रू पिळताना हे उलटं दिसतं, तिथेच गडबड होते. १६ अँपिअरच्या पॉइंटला किमान २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर लागते. भिंतीतली जुनी बारीक वायर तशीच ठेवून वर मोठं सॉकेट ठोकून देतो म्हणणारा कुणी भेटला, तर त्याला चहा पाजा आणि परत पाठवा.