परवा इतिहासाचा पेपर आणि पुस्तक नुसतंच पिवळं

दहावीच्या घरात इतिहासाचा नंबर शेवटचा. गणित-विज्ञानाला क्लास, इंग्रजीची धास्ती, आणि इतिहास? ‘तो काय, गॅपमध्ये वाचून काढू.’ मग परीक्षेच्या दिवसांत माझ्याकडे ठरलेला प्रश्न येतो : आता एवढ्याशा वेळात काय होणार?

अशीच एक मुलगी आईबरोबर आली. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) पेपर परवावर. पुस्तकाचं पान न् पान हायलायटरने पिवळं. “चार वेळा वाचलंय मॅडम, तरी म्हणते काही आठवत नाही,” आई म्हणाली. मुलीचं म्हणणं, सनावळ्या डोक्यात राहतच नाहीत.

मी पुस्तक मिटायला लावलं आणि कोरा कागद पुढे केला. वृत्तपत्रांबद्दल आठवेल ते लिही. आधी डोळे भरून आले. मग हळूहळू ‘बेंगॉल गॅझेट’ हे भारतातलं पहिलं वृत्तपत्र, ते काढणारा हिकी, बाळशास्त्री जांभेकर आणि त्यांचं ‘दर्पण’ उतरलं. ‘दर्पण’चं १८३२ बरोबर आलं, ‘गॅझेट’चं १७८० सुटलं. पण ‘दर्पण’ मराठीबरोबर इंग्रजीतही का निघायचं, हे विचारल्यावर तिने फटकन सांगितलं : इंग्रजांनाही वाचता यावं म्हणून. म्हणजे येत होतं की! फक्त तिने स्वतःला कधी विचारलंच नव्हतं.

पुन्हा पुन्हा वाचलं की ओळी ओळखीच्या वाटतात आणि आपल्याला येतंय असा भास होतो. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये हे तपासलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे विद्यार्थी पुढे होते. दोन दिवसांनी घेतली तेव्हा न बघता आठवून लिहिणारे. हिची परीक्षाही परवाच होती.

मग प्रश्नपत्रिका काढली. ४० गुणांपैकी इतिहास २८, राज्यशास्त्र १२. हे १२ गुण मुलं सर्रास वाऱ्यावर सोडतात, याचं मला दरवर्षी आश्चर्य वाटतं. पाचच तर धडे. इतिहासातही टिपा, सकारण स्पष्ट करा, संकल्पनाचित्रं (मुद्दे चौकटींत मांडून जोडायचे), उतारा. उताऱ्याची बरीचशी उत्तरं उताऱ्यातच असतात. नुसत्या सालावर मिळणारे गुण फार थोडे.

तेव्हा ठरलं ते असं : आज राज्यशास्त्र आणि इतिहासाचे निम्मे धडे, उद्या उरलेले. धडा एकदाच वाचायचा, पुस्तक मिटून आठवेल ते लिहायचं, अडलं तेवढंच उघडून बघायचं. हायलायटर आईच्या ताब्यात. आईलाही एक पथ्य दिलं : ‘वर्षभर काय केलंस?’ हा प्रश्न पेपर संपेपर्यंत बंद. तो खरा असला तरी आत्ता त्याचं उत्तर देऊन काही हाती लागत नाही.

जागरणाबाबत मात्र मी घासाघीस करू देत नाही. वाचलेलं पक्कं व्हायला झोप लागते आणि पेपरमध्ये आठवायला ताजं डोकं. तिने रात्री दोनपर्यंत मागितले, मी अकराला थांबवलं.

“मग शेवटचा धडा राहिला तर?” तिने विचारलं.

“राहू दे. त्याचं फक्त संकल्पनाचित्र काढ आणि झोप.”