दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन लढाऊ वैमानिकाने खरंच किती विमानं पाडली, हे कसं शोधायचं?
आधी त्याचं युनिट शोधा, नुसत्या नावावर गाडी फार पुढे जात नाही. सेवेच्या नोंदींसाठी जर्मनीच्या बुंडेसआर्काइव्हकडे, म्हणजे राष्ट्रीय अभिलेखागाराकडे, अर्ज करा. सैनिकांच्या नोंदी ठेवणारं बर्लिनचं जुनं ‘वास्ट’ कार्यालय २०१९पासून त्यातच विलीन झालंय.

खरी गोम आकड्यांत आहे. आफ्रिकेत लढलेल्या हान्स-योआखिम मार्सेयच्या नावावर १५८ विमानं आहेत, त्यातली १७ एकाच दिवशीची, १ सप्टेंबर १९४२ची. पण हे दावे झाले. दाव्याची वेळ आणि ठिकाण घेऊन लंडनमधल्या क्यूच्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये ब्रिटिश स्क्वाड्रनची रोजनिशी, म्हणजे ‘एअर २७’ मालिका, उघडा. (दोन्हीकडची घड्याळं जुळतातच असं नाही, तेवढं सांभाळा.) धूर सोडत खाली गेलेलं विमान कधीकधी तळावर धडपडत परतलेलं सापडतं.